सेवेचं पुण्य पुरे, तिच्या हाती किल्ली द्या!



गेल्या महिन्यात पुण्याहून वहिनींचा फोन आला. सख्ख्या वहिनी नव्हेत. गुदैबियातल्या एकाच इमारतीत आम्ही अकरा वर्षं शेजारी होतो, तेव्हापासूनच्या वहिनी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "सध्या मी यांचा डावा डोळा झालेय."

मी हसलो. मला वाटलं, नेहमीची थट्टा. पण ती थट्टा नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ५८ व्या वर्षी, भाऊंना इथे बहरीनमध्येच पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. वाचा शाबूत राहिली, डावा हात-पाय व्यायामाने बराचसा सुधारला, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलं ते गेलंच. डोळे ठणठणीत आहेत, बिघाड मेंदूत आहे. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहून जाते आणि भाऊ म्हणतात, "आज वाढली नाहीस का?" समोरच्या गाडीची नंबरप्लेट ते खणखणीत वाचतात, पण डावीकडून घुसणारी अख्खी रिक्षा त्यांना दिसत नाही.

आणि भाऊ पुण्यात गाडी चालवतात! शेजारच्या सीटवर वहिनी बसतात आणि सांगत राहतात, "डावीकडे स्कूटर... थांबा, सायकल आहे... हं, आता घ्या." दवाखाना, फिजिओथेरपी, बँक, भाजी, सगळं असंच. गेल्या महिन्यात एका वळणावर शिकवणीहून परतणारा शाळकरी मुलगा सायकलसकट बंपरला घासून गेला. वहिनी किंचाळल्या म्हणून वाचला.

"मग तुम्हीच का नाही चालवत?" मी विचारलं.

"मला कुठे येते?"

सव्वीस वर्षं बहरीनमध्ये संसार केलेल्या, पदवीधर, हिशेबात कुणाला न ऐकणाऱ्या बाईला गाडी येत नाही. दोष तिचा नाही. दोष भाऊंचा आहे, माझा आहे, आणि (राग मानू नका) हे वाचणाऱ्या बहुतेक पुरुषांचा आहे. वहिनींनी भाऊंसाठी काय करावं हे सांगायला शंभर जण आहेत. वहिनींसाठी कोणी काय केलं, हा प्रश्न मला आज विचारायचा आहे.

"मी आहे ना!"

बहरीन म्हणजे गाडीचा देश. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पायी चालणं म्हणजे शिक्षा. २०१५ पासून लाल बसगाड्या आल्या आहेत, पण अर्धांगवायूच्या माणसाला घेऊन थांब्यावर उभं राहून बघा एकदा. १९८६ मध्ये किंग फहद कॉजवे सुरू झाला, तेव्हापासून तर शुक्रवारी पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून खोबरला जेवायला जाणं हीसुद्धा आपल्याला साधी गोष्ट वाटते. थोडक्यात काय, तर इथे ज्याच्या हातात किल्ली त्याच्या हातात घर.

आता आपल्या घरांतलं चित्र आठवा. नवरा नोकरीवर आला, दोन-तीन महिन्यांत लायसन्स काढलं, कंपनीची किंवा कर्जाची गाडी आली. बायको फॅमिली व्हिसावर आली. तिने लायसन्सचा विषय काढला की ठरलेलं उत्तर, "तुला कशाला हवंय? मी आहे ना!" शिकवणीचे दिनार दिसतात, वेळ दिसतो, गाडीला पडणारा संभाव्य पोचा दिसतो. बायकोला कधी नडेल ते मात्र दिसत नाही.

पुलापलीकडे सौदी अरेबियात जून २०१८ पर्यंत बायकांना गाडी चालवायला बंदी होती. त्यावर आपण किती वर्षं किती तावातावाने बोललो! पण बहरीनमध्ये अशी बंदी नव्हती. इथल्या बायका कित्येक वर्षं गाडी चालवतात, नोकरीला जातात, मुलांना शाळेत सोडतात. म्हणजे वहिनींना बहरीनच्या कायद्याने अडवलं नव्हतं, आपल्या दिवाणखान्यातल्या कायद्याने अडवलं होतं. सौदीच्या बंदीला मागासलेपणा म्हणायचं आणि स्वतःच्या घरातल्या बंदीला काळजी म्हणायचं, ही आपली पुरोगामी कसरत.

आणि "मी आहे ना" मधला "मी" नसला तर? किंवा असला, पण डावीकडचं दिसेनासा झाला तर? याचं उत्तर आपण कधी दिलेलंच नाही.

पंचावन्न दिवस

बहरीनच्या खासगी क्षेत्रासाठीचा कामगार कायदा २०१२ चा, क्रमांक ३६. त्यात आजारपणाची रजा वर्षाला अशी आहे: १५ दिवस पूर्ण पगारी, २० दिवस अर्ध्या पगारी, २० दिवस बिनपगारी. एकूण ५५ दिवस. पक्षाघातातून सावरायला माणसाला महिनोन् महिने लागतात. भाऊंच्या कंपनीबद्दल मला काही म्हणायचं नाही. नियमाने द्यायचं ते सगळं दिलं, वर निरोपसमारंभही केला. पण नोकरी संपली, आणि नोकरीला टांगलेला निवास परवाना संपला. भाऊंच्या परवान्याला टांगलेला वहिनींचा परवानाही संपला.

मंडळी, हे नीट वाचा. वहिनी आजारी नव्हत्या. सव्वीस वर्षांचं त्यांचं घर, मैत्रिणी, भिशी, गणपतीतली रांगोळी, सगळं नवऱ्याच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीवर उभं होतं. ती तुंबली आणि दोघांचा देश सुटला.

बहरीनने २०२२ मध्ये गोल्डन रेसिडेन्सी आणली, हे खरं. दहा वर्षांचा परवाना, कुटुंबासकट. पण नोकरदाराला तो मिळवायचा तर निदान पाच वर्षं इथे काम आणि सरासरी मूळ पगार २००० दिनार हवा. निवृत्तांसाठीही अटी आहेतच. हे वाचणाऱ्यांपैकी कितीजण छातीवर हात ठेवून म्हणतील की माझा मूळ पगार २००० आहे? (भत्ते धरायचे नाहीत!) आणि परवाना मिळाला तरी राहायची सोय होते, शुश्रूषेची नाही.

आता पैशाचा हिशेब. नोकरी संपताना मिळणारी रक्कम कायद्याने अशी मोजतात: पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एका महिन्याचा. भाऊंची २७ वर्षं झाली. म्हणजे दीड अधिक चोवीस, साडेपंचवीस महिन्यांचा पगार. मार्च २०२४ पासून ही रक्कम मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरायची आहे, पहिली तीन वर्षं पगाराच्या ४.२ टक्के आणि नंतर ८.४ टक्के. सुधारणा चांगली आहे, कंपनी बुडाली तरी तेवढे पैसे बुडत नाहीत. पण जुनी पद्धत काय, नवी काय, पैसा नोकरदाराच्या नावावर. त्याला सकाळी सहाला डबा देणारी, दोन मुलं वाढवणारी, आणि आता त्याला आंघोळ घालणारी बाई कुठल्याच रकान्यात नाही. तिची सव्वीस वर्षं गुणिले शून्य.

आणि साडेपंचवीस महिन्यांच्या पगारावर माणसाने काढायचं काय? समजा भाऊ अजून वीस वर्षं जगले. (जगोत!) दोघांची वीस वर्षं, औषधं, फिजिओथेरपी, घरी येणाऱ्या मावशींचा पगार. ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन, कारण आयुष्याची कमावती वर्षं देशाबाहेर गेली. आयत्या वेळी आरोग्य विमा काढायला जावं तर आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. २०२४ च्या नियमांनी ही मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली आणि पासष्टीनंतरही नवा विमा घेता येऊ लागला, एवढाच दिलासा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत खुलं झालं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. उत्तम. पण भाऊ आता कुठे एकसष्टीला आलेत, आणि हा विमा रुग्णालयातल्या उपचारांचा आहे. घरी आल्यावर रात्री तीनदा उठवणाऱ्या माणसापाशी कोण उठतं, हे विम्याच्या कागदात येत नाही.

'सेवा' नावाची पळवाट

ती उठते, कारण ती "सेवा" करते. हा शब्द आपण फार जपून ठेवला आहे. त्यात पुण्य आहे, त्याग आहे, पतिव्रतेचा सुगंध आहे. फक्त रजा नाही, मोबदला नाही, विमा नाही, आणि "मला आज होत नाही" म्हणायची मुभा नाही.

गंमत बघा. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा आणि परित्यक्ता बायकांना तिथे नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. परक्यांचं मलमूत्र काढायला भल्या घरच्या बायका जाणार म्हणून सनातन्यांनी नाकं मुरडली. रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी केलं ते एवढंच, पण फार मोठं: शुश्रूषा हे शिकण्याचं काम आहे आणि त्याचा मोबदला मिळतो, हे मराठी समाजाला दाखवून दिलं. नावात "सेवा" ठेवली आणि हातात पगार दिला. शंभरावर वर्षं उलटून गेली. रुग्णालयातली शुश्रूषा हा पेशा झाला, घरातली अजून पुण्याच्याच खात्यात जमा होते.

आकडे हवेत? भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्यांतही बायकांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. आणि वयोगट पाहा, ५९ ला संपतो. ज्या वयात नवऱ्याची खरी शुश्रूषा सुरू होते, त्या वयातल्या बायका या आकड्यात नाहीतच.

पुरुष शुश्रूषा करत नाहीत असं मी म्हणत नाही. इथले एक निवृत्त गृहस्थ स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीला स्वतः भरवायचे, वेणी घालायचे, तिचे डायपर बदलायचे. आम्ही सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचो. ते होतेच. पण त्याच इमारतीत तीन मजले खाली एक बाई नवऱ्याचं तेच सगळं सात वर्षं करत होत्या. त्यांना देवी कोणी म्हटलं नाही. त्यांना विचारलं गेलं, "आज महाप्रसादाच्या स्वयंपाकाला का नाही आलात?"

इतरांनी काय केलं

कुणी म्हणेल, "नवऱ्याची काळजी घ्यायचे पैसे? नात्याचा बाजार मांडायचा का?" हा आक्षेप नवा नाही. ब्रिटनमध्ये १९७६ साली शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, तेव्हा लग्न झालेल्या बायकांना त्यातून सरळ वगळलं होतं. कारण? त्या घरीच असतात, करतीलच! जॅकलीन ड्रेक नावाच्या एका विवाहित बाईने १९८४ मध्ये आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, नकार मिळाला. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि जून १९८६ मध्ये जिंकली. विवाहित बायकांना भत्ता सुरू झाला. त्यामुळे ब्रिटिशांची लग्नं मोडली असं काही ऐकिवात नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नव्हे. २०२५-२६ मध्ये हा भत्ता आठवड्याला ८३.३० पौंड होता, आणि त्यासाठी किमान ३५ तास शुश्रूषा करावी लागते. म्हणजे तासाला अडीच पौंडांहूनही कमी. वर अशी मेख की सरकारी पेन्शन भत्त्याइतकी किंवा जास्त असली तर भत्ता हातात पडत नाही. म्हणजे सत्तरीची बायको पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला सांभाळते, तिलाच बहुधा वगळतात. आपले लंडनवाले वाचक हे चांगलं जाणतात. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेसाठी वेगळा विमा आहे. घरच्यांनी सांभाळलं तर रुग्णाला दरमहा रोख रक्कम मिळते, २०२५ च्या दराने दुसऱ्या श्रेणीला ३४७ युरोपासून पाचव्या श्रेणीला ९९० युरोंपर्यंत. आणि ठरावीक तासांहून जास्त शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनखात्यातही विम्याकडून भर पडते. मला सर्वांत आवडते ती ही शेवटची गोष्ट. शुश्रूषेची वर्षं तिथे शून्याने गुणत नाहीत.

"ते श्रीमंत देश, आपलं काय?" बरं, मग शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडे बघा. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थांसाठी स्वतंत्र खातं काढलं. २००८ च्या कायद्याने प्रवासी कल्याण मंडळ आलं: दरमहा थोडी वर्गणी भरा, साठीनंतर पेन्शन घ्या. २०२२ पासून किमान ३००० ते ३५०० रुपये. थोडे आहेत? थोडेच आहेत. पण हक्काचे आहेत. त्याच केरळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' योजना आहे, महिना ६०० रुपये. हप्ते थकतात अशा तक्रारी आहेत. पण हप्ता थकला अशी तक्रार करायलासुद्धा आधी हप्ता असावा लागतो!

महाराष्ट्राने परदेशस्थांसाठी असं पेन्शन मंडळ उभारलेलं नाही. आपण मागितलंही नाही. आपल्या मंडळांनी मुंबईहून नेते बोलावले, शाली घातल्या, ढोल वाजवले, फोटो काढले. निवेदन कुणी दिलं? केंद्राने आखाती मजुरांसाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आणली होती, पेन्शन आणि आयुर्विम्याची. सभासद फारसे मिळाले नाहीत म्हणून २०१७ मध्ये ती गुंडाळली. आपल्याला खबरही नव्हती, कारण ती "मजुरांची" होती आणि आपण "प्रोफेशनल". पक्षाघात मात्र पासपोर्टवरचा शिक्का बघून येत नाही.

आणि देशात कायदा नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ वाचा. ज्यांना मोठ्या प्रमाणावर मदतीची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी 'देखभाल करणाऱ्याचा भत्ता' असावा असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अर्थात शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कुवत कुणी मागायला गेलं की मग आठवते. आपल्या राज्यातल्या निराधार वृद्धांच्या पेन्शनचं नाव श्रावणबाळ योजना. २०२३ पासून महिना १५०० रुपये. नाव पुत्राचं. पण आजच्या घरात कावड कुणाच्या खांद्यावर आहे? मुलगा सिॲटलला, मुलगी सिडनीला, आणि कावड गुडघे दुखणाऱ्या एका सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या खांद्यावर. "मुलं बघतील" म्हणणाऱ्यांनी २००७ चा आईवडील निर्वाह कायदाही वाचावा. न्यायाधिकरणात जाऊन, पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करून, जास्तीत जास्त मिळणार महिना १०,००० रुपये. कोणती आई जाईल?

किल्लीचा प्रश्न

पुन्हा गाडीकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे उघडा पडतो.

भाऊंना गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर निदान महिनाभर चालवता येत नाही, दृष्टीचा आडवा पल्ला किमान १२० अंश लागतो, आणि गाडी चालवण्यावर परिणाम करणारा आजार लपवला तर १००० पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. त्यात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का असं विचारतात. भाऊ वाचतात! पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, पण दाखल्यावर सही कशी मिळते हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. शरीराने अयोग्य असताना गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दंड १००० रुपये. त्या सायकलवाल्या पोराच्या जिवाची ही किंमत.

शिवाय बहरीनमध्ये १९६७ पासून गाड्या उजवीकडून चालतात. भाऊंची सत्तावीस वर्षांची सवय उजवीकडची. पुण्यात चालवायचं डावीकडून, आणि नेमकी डावीच बाजू दिसत नाही.

मी भाऊंना फोन केला. ते चिडले. "मी चालवायचं सोडलं तर आम्ही घरात कोंडून पडू. हिला येत नाही, मुलं तिकडे, दर खेपेला रिक्षावाल्याच्या विनवण्या करू? गाडी हा माझा शेवटचा पाय आहे." मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. त्यांच्या अहंकाराची गोष्ट आहेच, पण नुसती तेवढीच नाही. दोघांचं बाहेरचं जग त्या एका किल्लीला लटकलं आहे, आणि ती किल्ली पंचवीस वर्षं एकाच खिशात राहिली. "तुला कशाला हवंय" हे तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं. आज त्याची वसुली दोघांकडून होते आहे, आणि रस्त्यावरच्या परक्या पोराकडूनही.

जे गाडीचं, तेच कागदांचं. नवरा बेशुद्ध झाला तर बायको सही करू शकत नाही. कुलमुखत्यारपत्र असलं तरी देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने निकामी होतं. कोमातल्या माणसाची मालमत्ता कुणी पाहायची यासाठी आपल्याकडे धड कायदा नाही. केरळमधल्या शोभा गोपालकृष्णन यांना आपल्या नवऱ्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. चाळीस वर्षांची बायको, आणि नवऱ्याची "पालक" व्हायला उच्च न्यायालय!

करायचं काय?

नुसतं रडगाणं गायचं नाही म्हणून पाच गोष्टी.

१. ज्या घरात एकालाच गाडी येते, तिथे दुसऱ्याने या वर्षी लायसन्स काढावं. नवऱ्याने भेट म्हणून द्यायची गोष्ट नाही ही. घरखर्चातला तो हप्ता आहे, विम्यासारखा. देशात कायमचं परतणार असाल तर तिथलंही काढा. शिकाऊ परवान्यानंतर महिनाभर थांबून परीक्षा देता येते.

२. नोकरी चालू असतानाच दरमहा ठरावीक रक्कम बायकोच्या एकटीच्या नावे टाका. जर्मनीचं सरकार करतं ते आपण घरात करू शकतो. बाकीची खाती दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी करा, वारसाची नोंद करा, आणि कागद कुठे आहेत ते दोघांना माहीत असू द्या.

३. भारतातला आरोग्य विमा इथे असताना, धडधाकट असताना घ्या. ती तीन वर्षं बहरीनमध्येच संपून जाऊ द्या.

४. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या खर्चातून थोडा भाग काढून शुश्रूषा निधी उभारावा आणि स्वयंसेवकांची पाळी लावावी: आठवड्यातून दोनदा कुणी गाडी घेऊन जाईल, एकदा कुणी रुग्णापाशी चार तास बसेल, म्हणजे त्या घरातली बाई झोपेल. भाऊ इथे आजारी असताना आम्ही सहाजणांनी हे केलं. नियोजन नव्हतं, तरी जमलं. नियोजन असेल तर जास्त जमेल. आणि घरी येणाऱ्या मावशींना सुट्टी आणि रास्त पगार द्या. एका बाईचा भार दुसऱ्या गरीब बाईवर फुकट ढकलणं हे काही पुरोगामित्व नव्हे.

५. महाराष्ट्र शासनाला सामुदायिक निवेदन: परदेशस्थांसाठी वर्गणीवर आधारित कल्याण मंडळ, आणि कलम २४ मधला देखभाल भत्ता प्रत्यक्षात. आखातातल्या, ब्रिटनमधल्या, अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांच्या सह्या घेऊन. पुढचा पाहुणा शाल घ्यायला येईल तेव्हा त्याच्या हातात नारळाबरोबर हेही द्या.

"आम्ही बरे आहोत, आम्हाला भत्ता कशाला?" असं म्हणणारे भेटतील. भाऊही असंच म्हणायचे. भत्ता घ्यायचा की नाही ते नंतर ठरवा. पण ते काम आहे, आणि ते करणारी कुणीतरी व्यक्ती आहे, एवढं कबूल करायला आपल्याला एक पैसाही लागत नाही.

वहिनींचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्या सायकलच्या प्रसंगानंतर त्यांनी ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. भाऊंना न विचारता. क्लासमध्ये सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आज्जी, या वयात कशाला त्रास?" त्या म्हणाल्या, "आतापर्यंत डावीकडचं बघत होते, आता चारी बाजूंचं बघते."

क्लच सोडताना गाडी अजून आचके देते म्हणे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हाफ क्लचचं मी सांगतो, पण चालवायची तूच."

तुमच्या घरात दुसरी किल्ली कुठे आहे? शोधा, आणि वर सांगितलेल्या निवेदनासाठी आपापल्या मंडळाचं नाव कळवा. मसुदा मी लिहितो.

आपला,
बहरीनहून एक जुना सभासद